लहान डोक्याचे मूल : दोष कोणाचा?

१९९६ सालच्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. गावात दवाखाना थाटून मला जेमतेम दीड वर्ष झाले होते. एके दिवशी सकाळच्या गर्दीत एक सासूबाई आपल्या सुनेला आणि सव्वा महिन्याच्या नातवाला घेऊन आल्या. बाळ अंगाने चांगले होते, अंगावर व्यवस्थित पीत होते. पण डोक्यावरचे टोपडे सारखे डोळ्यांवर घसरत होते. टोपडे काढले, तर कपाळ मागे झुकलेले आणि डोके अगदीच लहान. टेपने घेर मोजला, तो ३२ सेंटीमीटर भरला. या वयाच्या मुलाचा घेर ३८ सेंटीमीटरच्या आसपास असतो.

मी काही बोलण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हिला किती सांगितलं होतं, गिऱ्हाण लागलंय, घरात गप बसून राहा, विळीला हात लावू नको. ऐकलं नाही. आता बघा." २४ ऑक्टोबर १९९५ चे, ऐन दिवाळीतले सूर्यग्रहण अनेक वाचकांना आठवत असेल. त्या वेळी सुनेला सातवा महिना होता. सून मान खाली घालून बसली होती. ही सून म्हणजे सासूबाईंच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाची मुलगी करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, त्याप्रमाणे झालेले हे लग्न.

मी तरुण होतो. ठणकावून सांगितले, "ग्रहणाने असे काही होत नसते." एवढे सांगून थांबलो असतो तर बरे झाले असते. पण पेशंटसमोर 'मला माहीत नाही' म्हणायला जे धैर्य लागते, ते त्या वयात नव्हते. मी विचारले, "बाळ जन्मल्यावर लगेच रडले का?" बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून झाले होते. "जरा वेळानं रडलं," असे उत्तर आले. झाले! "मेंदूला प्राणवायू कमी पडला असणार. पुढचे बाळंतपण दवाखान्यात करा, पुढचे मूल चांगले होईल," असा निर्वाळा मी देऊन टाकला. सुनेवरचा ठपका उतरला आणि त्या गरीब सुईणीवर चढला. पुढे दोन वर्षे तिला त्या आळीत कोणी बाळंतपणाला बोलावले नाही, हे मला फार उशिरा कळले.

१९९८ साली दुसरे अपत्य झाले, मुलगी. बाळंतपण रुग्णालयात झाले. मुलगी जन्मताच खणखणीत रडली आणि तिचेही डोके तसेच लहान होते. ती आई माझ्यासमोर बसून म्हणाली, "या वेळी तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. आत्यांनी सांगितलं ते सगळं पाळलं. मग माझं चुकलं कुठं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या वर्षी जगातही ते पूर्णपणे कोणाकडे नव्हते. ते चार वर्षांनी, २००२ साली मिळाले. आज त्या उत्तराविषयी लिहायचे आहे.

मेंदूची पेरणी

गर्भ राहिल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक पट्टी तयार होते. तिच्या कडा पन्हळीसारख्या वर उचलल्या जातात, एकमेकींना भेटतात आणि पट्टीची नळी होते. साधारण २८ व्या दिवसापर्यंत ही नळी दोन्ही टोकांना बंद होते. खालच्या भागाचा मज्जारज्जू होतो आणि वरच्या टोकाचा मेंदू. बऱ्याच स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते.

या नळीच्या आतल्या बाजूला मूळ पेशी असतात. मेंदूतल्या सर्व चेतापेशी म्हणजे विचार, हालचाल, स्मरण यांचे काम करणाऱ्या पेशी यांच्यापासूनच होतात. मोठ्या माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मूठभर पेशींपासून एवढ्या पेशी होतात कशा? आपल्या शेतकरी वाचकांना हे लगेच समजेल.

समजा, तुमच्याकडे चांगल्या वाणाचे थोडेसे बियाणे आहे. पहिली काही वर्षे जेवढे पिकेल तेवढे सगळे बियाणे म्हणूनच राखले, तर ते दरवर्षी वाढत जाईल. मग एका वर्षापासून तुम्ही निम्मे बियाण्याला ठेवाल आणि निम्मे खायला काढाल. मेंदूतही हेच घडते. सुरुवातीला एका मूळ पेशीच्या दोन मूळ पेशी होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. हे झाले बियाणे वाढवणे. पुढे एका मूळ पेशीच्या दोन पेशी होतात, त्यांतली एक मूळ पेशीच राहते आणि दुसरी चेतापेशी होऊन कामाला जाते. चेतापेशी झाली की तिचे पुन्हा विभाजन होत नाही. ते खायला काढलेले धान्य.

आता हिशोब पाहा. बियाणे दहा वेळा दुप्पट केले तर एकाचे १,०२४ होतात. नऊ वेळाच केले तर ५१२. सातच वेळा केले तर फक्त १२८. म्हणजे खायला काढण्याची घाई तीनच फेऱ्या आधी झाली, तर पीक एक अष्टमांशावर येते. मेंदूचा आकार मुख्यतः या एका गोष्टीवर ठरतो : मूळ पेशींनी बियाणे किती फेऱ्या राखले.

नवी चेतापेशी आपल्या जागेवर कशी पोचते, तेही मोठे गमतीचे आहे. मूळ पेशीला एक लांब धागा असतो, तो नळीच्या आतल्या बाजूपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेला असतो. वेलीने दोरीवर चढावे तशी नवी पेशी या धाग्यावरून बाहेर चढत जाते. पास्को राकिच या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात माकडाच्या गर्भात हे दाखवले. आधी आलेल्या पेशी आत थांबतात आणि नंतर आलेल्या त्यांना ओलांडून बाहेर जातात. अशा सहा थरांनी मेंदूचे बाहेरचे सुरकुतलेले आवरण तयार होते.

हे काम गर्भाच्या दुसऱ्या महिन्यात सुरू होते आणि पाचवा-सहावा महिना संपेपर्यंत आवरणातील बहुतेक चेतापेशी तयार झालेल्या असतात. त्यानंतर मेंदू वाढतो तो पेशी मोठ्या झाल्याने आणि त्यांच्या एकमेकींशी जोडण्या झाल्याने. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाला त्या बाळाच्या मेंदूचे काही बिघडवायचे असते, तरी पेरणी केव्हाच होऊन गेलेली होती!

टाळूचा गैरसमज

लहान डोक्याचे मूल पाहिले की आणखी एक गोष्ट सांगितली जाते. 'टाळू लवकर भरली, म्हणून मेंदूला वाढायला जागा राहिली नाही.' हा समज केवळ आपल्या खेड्यांतला नाही. १८९० साली पॅरिसमधील लानलाँग या नामवंत शल्यचिकित्सकाने याच कल्पनेवरून अशा मुलांच्या कवटीला चिरा पाडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. युरोप-अमेरिकेत तिची लाट आली. फायदा झाला नाही आणि कित्येक मुले दगावली.

खरी गोष्ट उलटी आहे. आतला मेंदू वाढतो आणि कवटीला बाहेर ढकलतो, म्हणून कवटी वाढते. मेंदूच लहान राहिला, तर कवटी लहान राहते आणि टाळूही लवकर भरते. कवटीचे सांधे खरोखरच वेळेआधी जुळल्याचा एक वेगळा आजार आहे. त्यात डोक्याचा आकार वेडावाकडा होतो आणि त्यावर शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. म्हणूनच तपासणी हवी. पण साध्या लहान डोक्यावर टाळूला तेल जिरवून किंवा कोणाची पुडी चाटवून काही होत नाही.

फाटलेले पान

आता २००२ सालाकडे येऊ. त्याआधी जनुक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत शरीर घडवण्याची एक पोथी असते असे समजा. तिच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. जनुक म्हणजे या पोथीतील एकेक पान. हाताने नक्कल करताना जशा चुका राहतात, तशा पिढ्यान्‌पिढ्या या पोथीतही राहतात. माझ्या, तुमच्या, प्रत्येकाच्या पोथीत अशी काही पाने खराब असतात. त्याचे काही बिघडत नाही, कारण तेच पान दुसऱ्या प्रतीत चांगले असते आणि शरीर ते वाचून काम चालवते. अडचण येते ती दोन्ही प्रतींत नेमके तेच पान फाटलेले असेल तर. परक्या दोन घराण्यांत असा योग क्वचित येतो. पण आई आणि वडील या दोघांच्याही पोथ्या एकाच आजोबांच्या पोथीवरून उतरलेल्या असतील, तर तो योग येण्याचा संभव वाढतो.

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायर नावाचा परगणा आहे. तिथे पाकिस्तानी वंशाची बरीच कुटुंबे आहेत आणि त्यांत मीरपूर भागाकडून आलेली पुष्कळ आहेत. झेलम नदीवर मंगला धरण झाले, ते १९६७ साली पूर्ण झाले. त्यात मीरपूरकडची एक लाखाहून अधिक माणसे विस्थापित झाली. आपल्याकडे कोयनेच्या पाण्यात गावे गेली तशीच. त्यांतली अनेक माणसे यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांत कामाला गेली. या समाजात चुलत, मामे, आत्येभावंडांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत.

तिथल्या लीड्स शहरातील डॉ. जेफ्री वुड्स यांच्याकडे लहान डोक्याची मुले घेऊन अशी कुटुंबे येत. एका घरात दोन-दोन, तीन-तीन मुले तशी, बाकीची अगदी व्यवस्थित. वुड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या रक्तातून पोथीच्या दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. दोन्ही प्रती जिथे हुबेहूब सारख्या, म्हणजे एकाच पूर्वजाकडून आलेल्या, असा भाग त्यांनी शोधला. आजारी भावंडांत तो भाग आढळावा आणि निरोगी भावंडांत नसावा, अशी चाळणी लावत लावत ते एका पानापर्यंत पोचले. बोस्टनचे डॉ. ख्रिस्तोफर वॉल्श यांचाही या कामात सहभाग होता. २००२ साली त्यांनी ते जनुक जाहीर केले. त्याचे नाव एएसपीएम. ते पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे.

टकळीचे काम

हे जनुक शास्त्रज्ञांना अगदीच अपरिचित नव्हते. फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशीत त्याचे भावंड ऐंशीच्या दशकातच सापडले होते. एका पेशीच्या दोन पेशी होताना पेशीच्या आत धाग्यांची एक रचना उभी राहते. मध्ये फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती. शाळेत सूतकताईला आपण टकळी वापरत होतो, तिच्यावर सूत भरल्यावर जसा आकार होतो तशी. हे धागे गुणसूत्रांची वाटणी करून ती दोन टोकांना ओढतात. माशीत ते जनुक बिघडले की ही टकळी नीट होत नाही आणि मेंदूच्या पेशींचे विभाजन अडते.

माणसातही एएसपीएम जनुकाचे काम या टकळीच्या टोकाशी आहे. मूळ पेशीचे दोन सारखे भाग झाले तर दोन मूळ पेशी होतात, म्हणजे बियाणे वाढते. टकळी डळमळली की वाटणी बिघडते आणि पेशी वेळेआधीच चेतापेशी होऊ लागतात. बियाणे खायला निघते! मेंदूची रचना बहुतांशी ठीक असते, थर असतात, पण पीकच कमी येते. या मुलांचे हृदय, मूत्रपिंड, हातपाय चांगले असतात. डोके मात्र लहान राहते आणि बुद्धीची वाढ मागे पडते, कोणाची थोडी, कोणाची जास्त.

पुढच्या वर्षांत अशी आणखी जनुके सापडत गेली आणि आज त्यांची संख्या तीसच्या आसपास आहे. त्यांतली बरीचशी या टकळीच्याच कामावर आहेत. मात्र उंदरात एएसपीएम बंद केले, तर त्याचा मेंदू थोडासाच लहान होतो. २०१८ साली वॉल्श यांच्या गटाने मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यात तेच केले. त्याचा मेंदू माणसासारखा सुरकुतलेला असतो. त्याचे वजन ४० टक्क्यांपर्यंत घटले. मेंदू जितका मोठा, तितक्या बियाण्याच्या फेऱ्या जास्त आणि तितके या जनुकाचे मोल अधिक.

गर्भातल्या मेंदूत डोकावता येत नाही, ही मोठी अडचण होती. तीही २०१३ साली काही प्रमाणात दूर झाली. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन क्नोब्लिख यांनी लहान डोक्याच्या एका रुग्णाच्या कातडीच्या पेशी घेतल्या, त्यांना पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेले आणि काचेच्या भांड्यात त्यांपासून गर्भाच्या मेंदूसारखे गोळे वाढवले. मसुरीच्या दाण्याएवढे. हा विचार करणारा मेंदू नव्हे, हे लक्षात ठेवा. पण निरोगी माणसाच्या पेशींचे गोळे मोठे झाले आणि रुग्णाच्या पेशींचे लहान राहिले. त्यांत चेतापेशी वेळेआधीच तयार होताना दिसल्या. बियाण्याचा जो हिशोब वर मांडला, तो असा डोळ्यांनी पाहता आला.

इथे एक सावधगिरी सांगतो. २००५ साली याच जनुकांवरून 'बुद्धीचे जनुक सापडले' अशी आवई उठली होती. पुढील अभ्यासांत या जनुकांच्या नेहमीच्या प्रकारांचा आणि बुद्धिमत्तेचा काही संबंध आढळला नाही. कोणी जनुक तपासून तुमच्या मुलाची हुशारी सांगतो म्हणाला, तर पाकिटाला हात लावू नका.

चारात एक

आईच्या दोन प्रतींपैकी एकीत पान फाटलेले, वडिलांच्याही एकीत फाटलेले. दोघेही धडधाकट. प्रत्येक जण मुलाला आपली एकच प्रत देतो, ती कुठली हे नाणेफेकीसारखे. म्हणून दोन्ही फाटक्या येण्याची शक्यता चारात एक. एक चांगली आणि एक फाटकी अशी शक्यता चारात दोन, ते मूल आईबापांसारखे निरोगी. दोन्ही चांगल्या येण्याची शक्यता चारात एक. हा डाव प्रत्येक गरोदरपणात नव्याने पडतो. पहिले मूल असे झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशोब नसतो. १९९६ साली 'पुढचे मूल चांगले होईल' असे मी सांगितले, तिथेच माझे चुकले.

मग नात्यात लग्न करूच नये काय? आकडा सांगतो. यॉर्कशायरमधीलच ब्रॅडफर्ड शहरातल्या हजारो बाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सर्वसाधारणपणे १०० बाळांत सुमारे ३ बाळांना काहीतरी जन्मजात दोष असतो. सख्ख्या चुलत-मामे-आत्येभावंडांच्या लग्नात तो आकडा दुप्पट, म्हणजे ६ च्या आसपास आला. याचा अर्थ १०० पैकी ९४ मुले व्यवस्थितच जन्मली. ज्यांचे असे लग्न होऊन मुले चांगली आहेत, त्यांनी घाबरण्याचे कारण नाही. पण ज्या घरात एखादे मूल असे झाले आहे, त्या घरातला धोका सहाचा नसून पंचवीसचा असतो. त्या घराने पुन्हा नात्यात सोयरीक जमवण्यापूर्वी थांबून विचार करावा.

काय करावे?

१. लहान डोक्याचे प्रत्येक मूल जनुकाच्या दोषाचे नसते. गर्भारपणातील रुबेला आणि इतर काही संसर्ग, आईच्या पोटातली दारू, जन्मताना खरोखरच झालेली गुदमर ही कारणेही आहेत. २०१५-१६ साली ब्राझीलमध्ये डासांमुळे पसरणाऱ्या झिका विषाणूने अशी बरीच मुले जन्मली. हा विषाणू २०२१ साली पुणे जिल्ह्यातील बेलसर गावात आणि २०२४ साली पुणे शहरात गरोदर स्त्रियांतही आढळला. तेव्हा गरोदर बाईने ग्रहणापेक्षा डासांना जपावे.

२. जन्मल्यावर बाळाच्या डोक्याचा घेर मोजून घ्या. भुवयांच्या वरून आणि मागे सर्वांत फुगीर भागावरून टेप धरावी. पूर्ण दिवसांच्या मुलाचा घेर ३१.९ आणि मुलीचा ३१.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. एकदाच मोजून निष्कर्ष काढू नका. आईबापांचेही डोके मोजा. कधी कधी तो निव्वळ घराण्याचा ठसा असतो.

३. घरात असे एक मूल असेल, तर पुढचा गर्भ राहण्याआधी मोठ्या शहरातील जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्या. मुलाच्या रक्ताच्या तपासणीत नेमके कुठले पान फाटले आहे ते पुष्कळदा कळते. खर्च सामान्य कुटुंबाला जड आहे, हे खरे. पण एकदा ते पान कळले की इतर नातेवाइकांची तपासणी सोपी होते. पुढील गर्भारपणात अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल तपासून निदान करता येते. हे काम नोंदणीकृत केंद्रातच होते. गर्भलिंग सांगणे आणि विचारणे हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे; आजाराची तपासणी गुन्हा नाही.

४. निव्वळ सोनोग्राफीवर विसंबू नका. या प्रकारात पाचव्या महिन्यात डोके अनेकदा मापात दिसते. पेशी कमी झाल्या, तरी त्याचा परिणाम घेरात उतरायला वेळ लागतो.

५. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी. ती सुरुवातीची नळी उघडी राहण्याचा दोष तिने पुष्कळ टळतो, हे १९९१ साली सिद्ध झाले. मात्र आज सांगितलेला जनुकाचा दोष गोळीने टळत नाही, हेही स्पष्ट सांगतो.

६. डोके मोठे करणारे औषध नाही. पण मुलाला शिकवता येते. जिल्हा रुग्णालयात लहान मुलांचे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते, तिथे दाखवा. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. झटके येत असतील तर त्यांवर औषध आहे.

आत्याबाईंचा प्रश्न

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दुसरी मुलगी नऊ वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली. तिच्यानंतरची तिसरी मुलगी अगदी चांगली निघाली, शिकली. थोरला मुलगा आज तिशीच्या उंबरठ्यावर आहे. लिहिता-वाचता येत नाही, पण रोज सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर जातो, वाटेत भेटेल त्याला नमस्कार करतो.

दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मुलीला तिच्या मामाच्या मुलाचे स्थळ सांगून आले. तिची आई एकटीच दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टर, एकदा विचारून घेते." मी त्यांना पुण्याला पाठवले. थोरल्याच्या रक्तात एएसपीएमच्या दोन्ही प्रतींत एकच दोष निघाला. मुलीच्या एका प्रतीत तो होता आणि त्या मुलाच्याही. दोघांनी आपापसांत बोलून ते लग्न केले नाही. निर्णय त्यांचा होता, मी फक्त चारात एक म्हणजे काय ते सांगितले. मुलीचे लग्न बाहेर झाले.

अहवाल समजून घ्यायला ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई स्वतः आल्या होत्या. मी त्यांना पोथीची गोष्ट सांगितली. फाटके पान त्यांच्या आईकडून किंवा वडिलांकडून निघाले, त्यांच्यात आले आणि त्यांच्या भावातही गेले. त्यांच्याकडून मुलात, भावाकडून सुनेत. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यातूनच आलं म्हणायचं. आणि मी इतकी वर्षं हिला बोलत राहिले."

मी म्हटले, "आत्याबाई, आले तुमच्यातून, पण दोष तुमचाही नाही. माझ्याही पोथीत अशी पाने आहेत, ती कुठली एवढेच मला माहीत नाही." त्यांना ते किती पटले कोण जाणे. जाताना दाराशी त्यांनी सुनेचा हात धरला. आधाराला धरला असेल. पण पायऱ्या उतरून झाल्या, तरी तो सोडला नाही.